‘पुढे या’ म्हणणाऱ्यांना उत्तर

उद्योगावरच्या मराठी संमेलनांत, आणि आता परदेशस्थ मराठी उद्योजकांच्या परिषदांतही, एक आवाहन हमखास ऐकू येते. व्यासपीठावरचे यशस्वी गृहस्थ समोर नजर टाकतात, बायका थोड्या दिसतात, आणि ते कळकळीने सांगतात की आम्ही हात द्यायला तयार आहोत, भगिनींनी संकोच सोडून पुढे यावे. पाठोपाठ कुणीतरी भर घालते : आपली संस्कृतीच तशी, बाईने चारचौघांत स्वतःच्या कामाविषयी बोलू नये असे वळण आपल्याला लागलेले, परदेशात गेलेल्या बायका मात्र बघा, कशा मोकळ्या झाल्या. बोलणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्यांचे निदान चुकलेले आहे, आणि त्या चुकीच्या निदानावर वर्षानुवर्षे उपचार चालू आहेत. आत्मविश्वासाच्या कार्यशाळा होतात, व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे होतात, भाषणे होतात. सभागृहातल्या बायकांची संख्या थोडी वाढते आणि त्यांच्या हातात पडलेल्या ऑर्डरींची संख्या जिथल्या तिथे राहते.

माझे म्हणणे असे आहे : मायदेशातल्या आणि परदेशातल्या उद्योजकांना जोडणारे ओळखींचे जाळे मोठ्या प्रमाणात बायकांच्या कष्टांवर, पैशांवर आणि नात्यांवर उभे राहिले. त्या जाळ्याचा लाभ जिथे वाटला जातो तिथे मात्र बायकांना जागा ठेवली गेली नाही. संकोच हा या रचनेचा परिणाम आहे. परिणामालाच कारण म्हणून पुढे केले की रचनेला हात लावावा लागत नाही, आणि म्हणून हे निदान इतके लोकप्रिय आहे.

संकोचाची गोष्ट प्रत्यक्ष तपासून पाहिली गेली आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. अहमदाबादची सेवा बँक १९७४ पासून कष्टकरी बायकांबरोबर काम करते. एरिका फील्ड, सीमा जयचंद्रन, रोहिणी पांडे आणि नतालिया रिगोल या अर्थशास्त्रज्ञांनी या बँकेच्या खातेदारांपैकी काही जणींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, कुठलीही आवडनिवड न करता निवडले आणि दोन दिवसांचे व्यवसाय प्रशिक्षण देऊ केले. त्यांच्यातल्या निम्म्या जणींना एकट्याने यायला सांगितले, उरलेल्यांना सांगितले की एखाद्या मैत्रिणीला बरोबर आणा. शिकवणे तेच, दिवस तितकेच. चार महिन्यांनी पाहिले तेव्हा मैत्रिणीबरोबर आलेल्या बायकांनी व्यवसायासाठी कर्ज काढण्याचे प्रमाण वाढलेले होते, आपण फक्त घरकाम करतो असे सांगणाऱ्या त्यांच्यात कमी झाल्या होत्या आणि घरातले उत्पन्नही वाढले होते. एकट्या आलेल्यांत असा बदल दिसला नाही. आणखी एक गोष्ट दिसली. ज्या जातींत आणि धर्मगटांत बायकांच्या हिंडण्याफिरण्यावर अधिक बंधने आहेत, तिथे मैत्रिणीचा परिणाम सर्वांत ठळक होता. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला.

संकोच हा जर बाईच्या स्वभावातच मुरलेला असता, तर दोन दिवस शेजारी मैत्रीण बसल्याने तो कसा गेला असता? आणि संस्कृतीचा पगडा अभेद्य असता, तर जिथे तो सर्वांत घट्ट तिथेच एवढा फरक का पडला असता? त्या बायकांमध्ये हिंमत आधीच होती. बरोबर कुणी नव्हते. पुरुष उद्योजक सहसा अशा प्रसंगाला एकटा जातच नाही. तो वर्गमित्राबरोबर जातो, भागीदाराबरोबर जातो, मामेभावाच्या ओळखीने जातो. त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला कुणी आधार म्हणत नाही, कारण ती रीतच आहे. बाई एकटी येते, आणि तिचे एकटेपण तिचा दोष म्हणून तिच्याच पदरात टाकले जाते.

ती एकटी का येते, याचे उत्तर आपल्या लग्नसंस्थेत आहे आणि ते पुरेसे बोलले जात नाही. मार्क ग्रानोवेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध लिहिला. त्याचा मुद्दा असा की माणसाला नोकरीची, कामाची नवी बातमी बहुधा जिवलगांकडून मिळत नाही, कारण जिवलगांना माहीत असते ते आपल्यालाही माहीतच असते. ती मिळते दूरच्या, विरळ ओळखींतून. शाळेतला मागच्या बाकावरचा मुलगा, वसतिगृहातला सीनियर, गल्लीतल्या गणेश मंडळाचा जुना कार्यकर्ता. आपल्याकडे मुलाच्या या विरळ ओळखी वीस-पंचवीस वर्षे त्याच गावात, त्याच नावाने साठत जातात. मुलीच्या ओळखी ऐन कमाईच्या वयात तोडल्या जातात. गाव बदलते, आडनाव बदलते, कधी पहिले नावही बदलते, आणि नव्या घरात तिची ओळख अमक्याची सून अशी सुरू होते. तिचे जिवलग टिकतात, आई, बहीण, एखादी मैत्रीण. दूरच्या ओळखी वाहून जातात. धंद्याला लागतात त्या नेमक्या दूरच्या.

आता परदेशाशी जोडणाऱ्या जाळ्याकडे येऊ. अमेरिकेने १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलल्यावर भारतातून तिकडे गेले ते मुख्यतः डॉक्टर, अभियंते, शास्त्रज्ञ. ॲनाली सॅक्सेनियन या संशोधिकेने १९९९ साली दाखवून दिले की १९८० ते १९९८ या काळात सिलिकॉन व्हॅलीत सुरू झालेल्या तंत्रज्ञान कंपन्यांपैकी २४ टक्के कंपन्यांचे नेतृत्व चिनी किंवा भारतीय वंशाच्या अभियंत्यांकडे होते. याच वातावरणात १९९२ साली तिथे ‘टाय’ ही संस्था जन्मली, नव्या उद्योजकांना जुन्यांनी मार्गदर्शन करावे, भांडवल मिळवून द्यावे म्हणून. तिचे काम मोठे आहे. पण या मंडळींचे एकमेकांशी नाते मूळचे कुठले? बहुतेकांचे अभियांत्रिकी महाविद्यालयांतले. आणि त्या पिढीच्या अभियांत्रिकीच्या वर्गांत मुली किती होत्या? फार थोड्या, आणि ज्या होत्या त्यांच्यापुढेही दार बंद. १९७४ साली टाटांच्या पुण्यातल्या टेल्को कंपनीची नोकरीची जाहिरात निघाली तेव्हा तीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापलेले होते. सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीने जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून त्याचा जाब विचारला आणि नोकरी मिळवली, हा प्रसंग महाराष्ट्राला ठाऊक आहे. आपण तो एका धीट मुलीची गोष्ट म्हणून सांगतो. त्या जाहिरातीमुळे पोस्टकार्ड न लिहिलेल्या, अर्जच न केलेल्या मुलींची गोष्ट कुणी सांगत नाही. पुढच्या चाळीस वर्षांच्या ओळखी ज्या दालनांत तयार व्हायच्या होत्या, त्या दालनांच्या दारावर त्यांना लेखी मज्जाव होता.

याच पुण्यातली पुढची साखळी पाहण्यासारखी आहे. नरेंद्र पटणी आणि पूनम पटणी या दांपत्याने १९७२ साली अमेरिकेत केंब्रिज इथे डेटा कन्व्हर्जनचा व्यवसाय सुरू केला. भारतातल्या मनुष्यबळाकडून अमेरिकेचे काम करून घेण्याच्या कल्पनेची ती अगदी सुरुवातीची पायरी. त्यातून पटणी कॉम्प्युटर्स उभी राहिली. तिथून बाहेर पडलेल्या सात अभियंत्यांनी १९८१ साली पुण्यात इन्फोसिस काढली. सातही पुरुष. सुरुवातीचे दहा हजार रुपये सुधा मूर्तींच्या, म्हणजे पोस्टकार्ड लिहिणाऱ्या त्याच सुधा कुलकर्णींच्या, बचतीतून आले. त्या स्वतः अभियंता होत्या, संगणकाचे काम जाणत होत्या, पण नवराबायकोपैकी एकानेच कंपनीत असावे असे ठरले आणि त्या बाहेर राहिल्या. त्यांचे पती आणि त्या सातांपैकी एक नारायण मूर्ती यांनी २०२४ साली जाहीर मुलाखतीत सांगितले की तो निर्णय चुकीचा होता. चूक मोकळेपणाने मान्य करणे हे मोठेपण आहेच. मला मात्र एकट्या दांपत्याच्या निर्णयापेक्षा ही साखळी महत्त्वाची वाटते. परदेशस्थ उद्योग आणि मायदेशातला उद्योग यांना जोडणाऱ्या सर्वांत यशस्वी दुव्यांपैकी हा एक, आणि त्याच्या दोन्ही टोकांना बायका आहेत, एक सहसंस्थापक, एक पहिली भांडवलदार. तरीही भारतीय सॉफ्टवेअरचा इतिहास आपण पुरुषांच्या मैत्रीचा इतिहास म्हणून वाचतो आणि मग विचारतो, बायका नेटवर्किंगमध्ये मागे का?

परदेशात बाई मोकळी होते, हा दुसरा दावा. काही होतात, हे खरेच. पण परदेश म्हणजे काय, तर व्हिसा. एच-१बी व्हिसावर गेलेल्या अभियंत्याच्या जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो. मे २०१५ पर्यंत त्या व्हिसावर नोकरी करायला मनाई होती आणि कमाईचा धंदा करायलाही. त्यानंतर परवानगी मिळू लागली तीही सर्वांना नाही, नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोचला असेल तरच. सुरुवातीच्या वर्षांत अशी परवानगी मिळालेल्यांपैकी नऊदशांशांहून अधिक भारतात जन्मलेल्या व्यक्ती होत्या, आणि स्त्रियांचे प्रमाणही नऊदशांशांहून अधिक होते. पुण्यात, नाशकात, मुंबईत चांगली नोकरी करणारी बाई तिकडे जाऊन काही वर्षे कायद्यानेच घरी बसवली जाते, आणि तीच वर्षे तिच्या नवऱ्याच्या ओळखी पक्क्या होण्याची असतात. याला संस्कृती म्हणता येत नाही. हा कायदा आहे, आणि तो तिच्या स्वभावाच्या खात्यावर मांडला जातो.

घरी बसलेली बाई रिकामी मात्र बसत नाही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे आहे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले. या मंडळांचा रोजचा गाडा कोण ओढते, ते तिथल्या कुठल्याही कुटुंबाला विचारा. शनिवार-रविवारची मराठी शाळा, गणपतीची आरास, चारशे माणसांचे जेवण, नव्याने आलेल्या जोडप्याला घर आणि बाळंतिणीला डबा, यात बायकांचा हात सर्वांत मोठा. परक्या देशात विश्वास निर्माण होतो तो याच कामातून. त्याच विश्वासाच्या बळावर दोन पुरुष जेवणाच्या टेबलाशी बसून म्हणतात, तुझ्या कंपनीत पैसे घालतो, किंवा, नगरला माझा चुलतभाऊ कास्टिंग करतो, त्याला काम दे. व्यवहाराचा करार या दोघांत होतो. त्या टेबलापर्यंत त्यांना आणणारे काम सांस्कृतिक समितीच्या नावे जमा होते आणि आभारप्रदर्शनात संपते.

हे फक्त मराठी मंडळींपुरते नाही. अमेरिकेतल्या मोटेल व्यवसायात गुजराती पटेल समाजाने जे साम्राज्य उभारले त्यात खोल्या साफ करणे, चादरी धुणे, रात्री-अपरात्री खिडकीवर बसणे ही कामे घरच्या बायकांनी बिनपगारी केली, म्हणून सुरुवातीची वर्षे निभावली. या मोटेलमालकांची संघटना ‘आहोआ’ १९८९ मध्ये स्थापन झाली. तिला पहिली स्त्री अध्यक्ष, जागृती पानवाला, मिळाली २०१९ साली. तीस वर्षे या बायका कुठे होत्या, याचे उत्तर सरळ आहे. त्या कामावर होत्या.

इथे एक आक्षेप मला अपेक्षित आहे, आणि तो आपल्याकडे फार आवडीने घेतला जातो. मराठी माणूस एकमेकांना धरून राहत नाही. गुजराती, मारवाडी, सिंधी समाजासारखी घट्ट जाळी आपण विणली तर स्त्रियांचाही प्रश्न आपोआप सुटेल. मला हे अजिबात मान्य नाही. समाजाच्या घट्ट जाळ्यात बाईचे स्थान काय असते, ते हिऱ्यांच्या व्यापारात पाहा. कैवन मुन्शी या अर्थशास्त्रज्ञाने मुंबईच्या हिरे व्यवसायाचा अभ्यास केला. पिढीजात व्यापारी नसलेल्या काठियावाडी पटेल कुटुंबांनी आपसांतल्या जाळ्याच्या आधारे या धंद्यात शिरकाव केला, आणि जाळे जसे मजबूत होत गेले तसे त्यांच्यात धंद्यातल्या धंद्यात लग्ने जुळवण्याचे प्रमाण वाढले. म्हणजे दोन पेढ्यांमधला विश्वास बाईच्या लग्नाने पक्का होतो. बाई त्या कराराचा दुवा आहे. करारावरची सही तिची नाही.

दुसरा पुरावा थेट आपल्या दादरचा आहे. मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादरच्या शाळांतून वीस वर्षांत शिकून गेलेल्या मुलामुलींची माहिती गोळा करून २००६ साली निष्कर्ष मांडले. गिरण्या, गोद्या, कारखाने यांतल्या नोकऱ्या जातभाईंच्या ओळखीने लागत, म्हणून कष्टकरी जातींतल्या मुलांना मराठी माध्यमातून शिकवून त्याच कामाला लावण्याचा ओघ मुंबईची अर्थव्यवस्था बदलल्यावरही टिकून राहिला. मुलींसाठी असे जाळे कधी नव्हतेच, म्हणून त्याच घरांतल्या मुली इंग्रजी शाळांत गेल्या आणि नव्या नोकऱ्यांच्या संधी त्यांनी आपल्या भावांपेक्षा अधिक घेतल्या. ज्यांना आपण जाळ्याबाहेर राहिलेल्या, मागे पडलेल्या म्हणतो, त्या या ठिकाणी पुढे गेल्या, कारण त्यांना मागे ओढणारे कुणी नव्हते. तेव्हा कुठलेही जाळे चालेल, फक्त घट्ट असावे, असे म्हणू नका. जातीच्या आणि पुरुषांच्या जाळ्यांची नक्कल करून बायकांचे भले होणार नाही. ज्या ओळखी माणसाला नव्या ठिकाणी नेतात त्या हव्यात.

बायकांनी स्वतः विणलेली जाळीही निर्दोष नाहीत, हे इथेच सांगितले पाहिजे. हळदीकुंकू हा पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या भेटीगाठींचा मोठा प्रसंग, आणि त्यातून विधवेला वगळले जात आले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव करावा लागला, यावरून ही रीत किती चिवट आहे ते कळते. नवरा गेलेली, नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई बहुधा नाइलाजाने धंद्यात उतरते, तिला ओळखींची गरज सर्वांत जास्त, आणि तिलाच बायकांच्या वर्तुळात सर्वांत मागे बसवले जाते. कुटुंब सदस्यत्वावर चालणाऱ्या परदेशातल्या मंडळांतही एकट्या बाईला आपण कोण म्हणून यायचे हा प्रश्न पडतो.

पण संस्कृती म्हणजे केवळ बेडी, हे मानायलाही मी तयार नाही. भिशी घ्या. दहा-पंधरा बायका महिन्याला ठरावीक रक्कम काढतात, पाळीपाळीने एकीला सगळी देतात, लिखापढी नाही, तारण नाही, तरी पैसे बुडण्याचे प्रसंग थोडे. हा पतपुरवठा आहे, आणि परस्परांची पारख त्याचा पाया आहे. दिवाळीचा फराळ घ्या. पुण्या-मुंबईतून, डोंबिवली-ठाण्यातून चकल्या, अनारसे, करंज्या हवाबंद पाकिटांतून अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दुबईला जातात. ऑर्डर येते ती नणंदेच्या मैत्रिणीकडून, भाचीच्या शेजारणीकडून. येवल्याच्या पैठण्या न्यू जर्सीत कुणाच्या तरी दिवाणखान्यात प्रदर्शन मांडून विकल्या जातात. मायदेश आणि परदेश यांच्यातले हे बायकांचे नेटवर्किंग आहे. कुठल्याही परिषदेच्या आधीपासून ते चालू आहे, आणि त्यात कुणाला संकोच आड आलेला नाही. मग ते वीस किलोंवरून दोन टनांवर का जात नाही?

तिथे लागणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत, म्हणून. आयात-निर्यात कोड, अन्नसुरक्षेचा परवाना, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला द्यायची पूर्वसूचना, भरवशाचा कस्टम्स एजंट, माल तिकडे उतरवून घेणारे कोणी, आणि तीन महिने पैसे अडकून राहिले तरी तग धरेल एवढे खेळते भांडवल. यातले निम्मे काम कागदाचे आहे आणि निम्मे शब्द टाकण्याचे. उदाहरण पाहा : अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांवरची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली आणि आपल्या टपाल खात्याने तिकडची पार्सले थांबवली. बुकिंग पुन्हा सुरू झाले १५ ऑक्टोबरला, दिवाळी तोंडावर आल्यावर. अशा वेळी तिकडच्या बंदरात ओळखीचा माणूस असलेला व्यापारी दुसरा मार्ग काढतो. भाचीच्या शेजारणीवर चाललेला धंदा तो हंगाम गमावतो. त्या बाईला व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला पाठवून काय होणार? तिला एजंटाचा फोन नंबर हवा आहे, आणि तो नंबर देताना ‘माझे नाव सांगा’ म्हणणारा माणूस हवा आहे.

पैशाचेही तसेच. देशाच्या सहाव्या आर्थिक गणनेत, २०१३-१४ मध्ये, स्त्रियांच्या मालकीची आस्थापने एकूण आस्थापनांच्या १३.७६ टक्के निघाली आणि त्यांतली सुमारे ७९ टक्के स्वतःच्याच पैशावर चालत होती. बँक तारण मागते. महाराष्ट्राने १९९४ साली, केंद्राने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा दिला, आणि गावोगावच्या मुली भावांशी वाईटपणा नको म्हणून हक्कसोडपत्रावर सह्या करत राहिल्या. त्या सहीबरोबर तारणही जाते. मग उरते ती कुणाची तरी हमी, म्हणजे पुन्हा ओळख. किरण मजुमदार ऑस्ट्रेलियातून मद्यनिर्मितीचे शिक्षण घेऊन परतल्या तेव्हा हे पुरुषांचे काम म्हणून त्यांना इथे दार बंद झाले. १९७८ साली त्यांची बायोकॉन ही कंपनी सुरू झाली ती एका आयरिश कंपनीच्या भागीदारीने. देशातल्या वर्तुळाने जिला आत घेतले नाही तिला बाहेरच्या एका ओळखीने उभे केले. परदेशाशी असलेला दुवा बाईसाठी काय करू शकतो, याचे एवढे ठसठशीत उदाहरण आपल्यासमोर आहे.

रमण नंदा आणि तरुण खन्ना या अभ्यासकांनी २०१० साली भारतीय सॉफ्टवेअर उद्योजकांबद्दल जे मांडले तेही याला धरून आहे. मोठ्या केंद्रांत असलेल्यांना परदेशस्थांच्या ओळखींची गरज कमी. केंद्रांबाहेरच्या गावांतले उद्योजक काम आणि भांडवल मिळवण्यासाठी त्यांच्यावर जास्त अवलंबून असतात, आणि त्यातही जे स्वतः कधी परदेशात राहून आले आहेत त्यांना अधिक लाभ होतो. यावरून मी काढलेला अर्थ असा : लातूर, सांगली, जळगावच्या उद्योजक बाईला परदेशातल्या ओळखीची गरज सर्वांत जास्त आहे, आणि ती स्वतः कधी तिकडे राहिलेली नाही, किंवा राहिली असेल तर एच-४ वर. म्हणजे मदत तिच्यापर्यंत आपोआप पोचणार नाही, मुद्दाम पोचवावी लागेल.

मुद्दाम पोचवणे म्हणजे महिला आघाडी काढणे, असे आता म्हटले जाईल. गेल्या काही वर्षांत प्रत्येक संस्थेने ती काढली आहे. बायकांना एकमेकींची सोबत मिळणे किती मोलाचे, ते अहमदाबादच्या अभ्यासाने दाखवलेच आहे, त्यामुळे या आघाड्या बंद कराव्यात असे मी म्हणणार नाही. पण खरेदीचे निर्णय घेणारे मुख्य सभागृहात आणि बायका बाजूच्या दालनात लोणच्याच्या स्टॉलवर, अशी मांडणी असेल तर ती आघाडी भिंतीचेच काम करते. म्हसवडच्या बायकांचे उदाहरण इथे मोलाचे आहे. सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांच्यासोबत त्यांनी बँकेसाठी अर्ज केला तेव्हा प्रवर्तक बायका निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. त्या काही महिन्यांनी पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, तुम्ही यंत्र न घेता व्याज काढून दाखवा, आम्हीही काढतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्यांनी बाजूचे दालन मागितले नव्हते. त्यांनी परवाना मागितला.

सवलत दिली की दर्जा घसरतो, हा शेवटचा आक्षेप. ओळखीने मिळालेली पहिली ऑर्डर ही सवलतच असते. पुरुषांना ती मिळते तेव्हा तिला विश्वास म्हणतात. दलित उद्योजकांच्या ‘डिक्की’ या संस्थेने, जी २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी स्थापन केली, हे नेमके ओळखले होते की वगळलेल्या माणसाला सर्वांत आधी ग्राहक लागतो. केंद्र सरकारच्या खरेदी धोरणात २०१२ साली सूक्ष्म व लघुउद्योगांकडून २० टक्के खरेदीचे उद्दिष्ट ठेवले गेले, त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. २०१८ मध्ये ते एकूण २५ टक्के झाले आणि त्यात स्त्रियांच्या उद्योगांसाठी ३ टक्के ठेवले गेले. हा आकडा पुरेसा नाही, त्याची अंमलबजावणीही नीट व्हायला हवी, पण सरकारने निदान एक आकडा लिहून दिला. परदेशस्थ उद्योजकांच्या आणि इथल्या चेंबरांच्या व्यासपीठांवरून भगिनींना केलेल्या आवाहनात असा आकडा मी ऐकलेला नाही.

म्हणून माझी मागणी आवाहन करणाऱ्यांकडेच आहे. तुमच्या पुढच्या अधिवेशनाआधी जाहीर करा की तुमच्या संस्थेच्या सदस्य कंपन्या वर्षभरात स्त्रियांच्या उद्योगांकडून किती रुपयांची खरेदी करणार आहेत, आणि वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष आकडा छापा. उद्योगाच्या बैठका संध्याकाळी सातनंतर क्लबात ठेवू नका, दिवसा ठेवा आणि मुलांना सांभाळण्याची सोय करा. सदस्यत्व कुटुंबाच्या नावे असेल तर दोघांच्या व्यवसायाची नोंद घ्या. स्वयंपाकाच्या आणि सजावटीच्या समितीत पुरुषांना घ्या, गुंतवणूक समितीत बायकांना. आणि तुमच्यापैकी ज्यांची बंदरात, बँकेत, गुंतवणूकदारांत ऊठबस आहे त्या प्रत्येकाने या वर्षी एका तरी उद्योजक बाईसाठी तसाच शब्द टाकावा, जसा आजवर वर्गमित्रासाठी आणि मेहुण्यासाठी टाकला. ‘पुढे या’ हे त्यानंतर म्हणा.